धमनीच्या भिंतीत धुमसणारा दाह

राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. ६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या कशामुळे निकामी होतात, याविषयी त्या काळच्या वैद्यकाला फार थोडे ठाऊक होते. रक्तातील कोलेस्टेरॉल तपासून धोका ओळखण्याची पद्धत तेव्हा रूढ व्हायची होती. आज शंभर वर्षांनंतर ती तपासणी तालुक्याच्या गावीही होते. तरीही ऐन उमेदीत हृदयविकाराचा झटका येणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियातील लोकांत ५३, तर इतरांत जवळपास ५९ आढळले. म्हणजे हा आजार आपल्याकडे सहा वर्षे आधी दार ठोठावतो.

अशा घरातून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘‘कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होते, मग झटका आला कसा?’’ या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांतील संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. धमनी कठीण होण्याच्या प्रक्रियेत चरबीइतकाच वाटा शरीराच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा आणि तिच्यातून निर्माण होणाऱ्या दाहाचा असतो, असे हे उत्तर आहे. मात्र त्याचा अर्थ नीट समजून घेतला नाही, तर त्याचा उपयोग होण्याऐवजी अपायच होण्याची शक्यता अधिक.

नळातला गाळ की पायातला काटा?

धमन्या तुंबण्याचे जे चित्र बहुतेकांच्या मनात असते, ते पाण्याच्या नळाचे. बोअरच्या पाण्याने नळाला आतून क्षारांचा थर चढतो, तसा धमनीला चरबीचा थर चढतो आणि एके दिवशी ती बंद पडते, अशी ही समजूत. ती अगदीच चुकीची नाही, पण अपुरी आहे. नळ निर्जीव असतो. धमनी जिवंत असते. तिला आतून पेशींचे एक अत्यंत पातळ अस्तर असते. रक्त गोठू न देणे, रक्तवाहिनी गरजेनुसार सैल वा आकुंचित करणे आणि आत कोणाला येऊ द्यायचे ते ठरविणे ही कामे हे अस्तर करते. चरबी साठते ती या अस्तरावर नव्हे, तर त्याच्या आत, भिंतीमध्ये.

म्हणून नळापेक्षा काट्याची उपमा अधिक जवळची. उसाच्या फडात काम करताना पायात काटा मोडतो आणि आतच राहतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने नोंदविली होती. काटा स्वतः सुजत नाही. सूज येते ती काट्याशी लढायला धावून आलेल्या पेशींमुळे. काटा निघाला की दाह शमतो. काटा तसाच राहिला, तर तेथे गळू होते.

धमनीच्या भिंतीत हा काटा असतो एलडीएल कोलेस्टेरॉलचा. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण अस्तराखाली शिरतात आणि तेथील तंतूंना चिकटून अडकतात. अडकलेल्या कणांचे रासायनिक रूप बदलते, म्हणजे ते एका अर्थी ‘गंजतात’. शरीराच्या दृष्टीने ते मग आपले राहत नाहीत. बिघडलेले हे कण पाहून अस्तराच्या पेशी धोक्याची सूचना देऊ लागतात. आपल्या पृष्ठभागावर त्या चिकट रेणू उभारतात. रक्तातून वाहत जाणाऱ्या मोनोसाइट नावाच्या श्वेतपेशी त्यांना अडकतात आणि अस्तरातील फटींमधून भिंतीत उतरतात.

रक्षकच अडचणीत

भिंतीत उतरलेल्या या पेशींचे रूपांतर भक्षक पेशींत होते. जंतू, मृत पेशी आणि नको असलेला कचरा गिळणे हे त्यांचे नित्याचे काम. त्या बिघडलेले एलडीएल गिळू लागतात. साधारण पेशींना कोलेस्टेरॉल पुरेसे झाले की त्या आपले दार लावून घेतात. एलडीएल पेशीत कसे शिरते याचा उलगडा करणारे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. याच जोडीने दाखवून दिले की, बिघडलेल्या एलडीएलसाठी भक्षक पेशींना वेगळे दार असते आणि ते कितीही खाल्ले तरी बंद होत नाही. परिणामी या पेशी चरबीच्या थेंबांनी फुगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. त्यांच्या समूहाने धमनीत पिवळसर रेघा उमटतात. अशा रेघा तरुण वयातच दिसू लागतात आणि अनेक वर्षे कोणताही त्रास देत नाहीत.

पुढे फेसाळ पेशी मरतात, त्यांच्यातील कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात आणि हे स्फटिक दाह आणखी भडकवतात. भक्षक पेशींच्या आत धोक्याची घंटा वाजविणारी एक प्रथिनांची यंत्रणा असते. कोलेस्टेरॉलचे स्फटिक ती यंत्रणा चालू करतात, हे २०१० साली सिद्ध झाले. ती चालू झाली की इंटरल्युकिन-१ बीटा हा संदेशवाहक रेणू बाहेर पडतो, त्याच्यामुळे इंटरल्युकिन-६ वाढते आणि ते यकृताला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, तयार करण्याचा आदेश देते. धमनीच्या भिंतीतील धुसफुस अशा रीतीने रक्ताच्या तपासणीत उमटते.

या लढाईत टी-लिम्फोसाइट या अधिक तज्ज्ञ पेशीही उतरतात. स्वीडनमधील योरान हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात धमनीतील गाठींमध्ये त्या शोधून काढल्या. चरबीच्या गाठीवर शरीर तंतूंचे एक टणक टोपण बसवते. ते टोपण शाबूत असेपर्यंत रुग्ण सुरक्षित असतो. पण टी-पेशींनी सोडलेला इंटरफेरॉन नवे तंतू बनू देत नाही आणि भक्षक पेशींची विकरे जुने तंतू विरघळवतात. टोपण पातळ होत जाते. एखाद्या दिवशी ते फाटते, आतील द्रव्याचा रक्ताशी संपर्क येतो आणि काही मिनिटांत रक्ताची गुठळी धमनी बंद करते. हाच हृदयविकाराचा झटका. मेंदूच्या धमनीत असे घडले, तर पक्षाघात.

आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेला माणूस अचानक का कोसळतो, हे यावरून समजते. अनेक झटके धमनी निम्म्याहूनही कमी अरुंद झालेल्या जागी येतात. अशा जागेमुळे चालताना छातीत दुखत नाही. धाप लागण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. गाठ किती मोठी आहे यापेक्षा ती किती धुमसते आहे, हे अनेकदा अधिक महत्त्वाचे ठरते.

दीडशे वर्षांचा वाद

दाहाची ही कल्पना नवी नाही. बर्लिनचे प्रख्यात विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५६ च्या सुमारास धमनीकाठिण्य हा दाहाचाच प्रकार असल्याचे मत मांडले होते. व्हिएन्नाचे कार्ल रोकिटान्स्की यांना ते मान्य नव्हते. दाह हे कारण नसून परिणाम आहे, असे ते म्हणत. १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत हा विकार निर्माण करून दाखविला. त्यानंतर कोलेस्टेरॉलचे पारडे जड झाले आणि दाहाचा विचार मागे पडला. अमेरिकेतील सिएटलचे रसेल रॉस यांनी १९९९ साली ‘धमनीकाठिण्य हा दाहजन्य विकार आहे’ असे निःसंदिग्धपणे मांडले, तेव्हा फिरखो यांचे मत पुन्हा चर्चेत आले.

तत्पूर्वी १९९७ साली पॉल रिडकर यांनी अमेरिकी डॉक्टरांच्या रक्ताचे जतन केलेले नमुने तपासले होते. ज्यांचे सीआरपी सर्वाधिक होते, त्यांना पुढील काळात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सर्वांत कमी सीआरपी असणाऱ्यांच्या तिप्पट होता. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७,९३९ स्त्रियांचा ३० वर्षे मागोवा घेण्यात आला. वाढलेले सीआरपी आणि वाढलेले एलडीएल या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे भावी धोका दर्शवितात, असे त्यात दिसून आले.

पुण्यातील ‘सडपातळ-स्थूल’ भारतीय

या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत पुणे परिसरातील ग्रामीण आणि शहरी लोकांच्या रक्तातील दाहकारक रेणू मोजले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शहरवासीयांत या रेणूंचे प्रमाण खेड्यातील लोकांपेक्षा बरेच अधिक आढळले. वंश एक, प्रदेश एक. फरक होता तो राहणीचा.

याच दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर गाजले. दोघांचाही उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, म्हणजे पूर्णतः ‘नॉर्मल’. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय बारीक आणि पोटात चरबी, असा आपल्याकडचा ‘सडपातळ-स्थूल’ बांधा यातून जगासमोर आला. पोटातील चरबी ही नुसती साठवण नव्हे. तिच्यात भक्षक पेशी वस्ती करतात आणि इंटरल्युकिन-६ सारखे रेणू रक्तात सोडत राहतात. वजनकाट्यावर नॉर्मल ठरलेल्या माणसाच्या शरीरातही अशी धग असू शकते.

कागलसारख्या गावाला हे विशेष लागू पडते. एका बाजूला ऊस, साखर कारखाना आणि दुधाचा जोडधंदा. दुसऱ्या बाजूला पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि पुणे-बंगळुरू महामार्ग. शेतात राबणाऱ्याचा मुलगा पाळीत बसून काम करू लागला, तर एका पिढीत गाव शहर होते. शारीरिक कष्ट संपतात. खाणे मात्र कष्टकऱ्याचेच राहते.

त्यातच सीमेपलीकडील निपाणी हे विडीच्या तंबाखूचे जुने केंद्र. तंबाखू मळणे, विडी ओढणे आणि स्त्रियांनी मिशरी लावणे हे या पट्ट्यात व्यसन मानलेच जात नसे. तंबाखूचा धूर धमनीच्या अस्तराला थेट इजा करतो आणि रक्तातील दाहकारक रेणू वाढवतो. न जाळता वापरलेली तंबाखूही निरुपद्रवी नाही. ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. वाहनांचा आणि भट्ट्यांचा धूर, त्यातील अतिसूक्ष्म कण, वर्षानुवर्षे अनियंत्रित राहिलेला मधुमेह, संधिवातासारखे दाहजन्य आजार हेही याच आगीत तेल ओततात. सुजलेल्या, रक्ताळणाऱ्या हिरड्यांचा हृदयविकाराशी संबंध दिसून येतो. त्यांवर उपचार केल्याने झटके टळतात हे अद्याप सिद्ध झाले नसले, तरी दात वाचविण्यासाठी ते उपचार करायलाच हवेत.

ठिणगी आणि चिपाड

दाह इतका महत्त्वाचा असेल, तर कोलेस्टेरॉलची चिंता कशाला, असा तर्क अलीकडे मोबाइलवरील संदेशांतून बराच फिरतो. तो वाचून काही रुग्ण स्टॅटिन गोळ्या परस्पर बंद करतात. हा तर्क जीवघेणा आहे. बोलिव्हियाच्या अरण्यातील त्सिमाने जमातीचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गामुळे या लोकांत दाहाचे प्रमाण मोठे. निम्म्या लोकांचे सीआरपी वाढलेले. तरीही ७०५ जणांच्या तपासणीत ८५ टक्के लोकांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा मागमूस नव्हता. दिवसभराच्या चालण्याबरोबरच त्यांचे एलडीएल अवघे ९१ मिलिग्रॅमच्या आसपास होते. गुऱ्हाळाच्या चुलवणात ठिणगी पडली, तरी चिपाड नसेल तर जाळ होत नाही. कोलेस्टेरॉल हे चिपाड, दाह ही ठिणगी. दोहोंपैकी एकच खरे मानणे चुकीचे आहे.

उपचारांच्या चाचण्यांनीही हेच दाखविले. २००८ सालच्या ‘ज्युपिटर’ चाचणीत एलडीएल १३० पेक्षा कमी, पण सीआरपी वाढलेले असे १७,८०२ लोक घेण्यात आले. स्टॅटिन देताच त्यांच्यातील झटके आणि हृदयविकाराच्या इतर गंभीर घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. पण स्टॅटिन चरबी आणि दाह दोन्ही कमी करते. श्रेय कोणाचे, हे त्यातून ठरेना. त्याचा निवाडा २०१७ साली ‘कँटॉस’ चाचणीने केला. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना इंटरल्युकिन-१ बीटा रोखणारे कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन देण्यात आले. त्याने एलडीएल कमी झाले नाही, तरीही मधल्या मात्रेत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. फिरखो यांचे म्हणणे माणसांत सिद्ध झाले. परंतु या औषधाने जीवघेण्या जंतुसंसर्गांचे प्रमाण वाढले. रोगप्रतिकारशक्ती दडपण्याची किंमत ती हीच. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरील औषध २०१८ मध्ये या कामी निष्प्रभ ठरले. दाह रोखणारे प्रत्येक औषध उपयोगी पडेलच असे नाही, हा त्यातील धडा.

त्यानंतर लक्ष गेले ते कोल्चिसिन या गाऊटवरील स्वस्त औषधाकडे. पावसाळ्यात कोल्हापूरच्या डोंगरउतारांवर आणि कुंपणांवर ज्वाळेसारखी फुले फुलविणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असते. रोज अर्धा मिलिग्रॅम या अल्प मात्रेने २०१९ च्या चाचणीत झटका व तत्सम घटना २३ टक्क्यांनी, तर २०२० च्या चाचणीत ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२३ मध्ये या वापराला मान्यता दिली. मात्र २०२४ साली ७,०६२ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत कोणताही लाभ दिसला नाही. त्यामुळे हे औषध कोणाला द्यावे याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे. मूत्रपिंड निकामी असणाऱ्यांना आणि काही प्रतिजैविके घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. कळलावीची वनस्पती तर विषारीच आहे. तिचा घरगुती काढा करण्याचा विचारही करू नये.

वाचकाने काय करावे?

सीआरपीची अतिसंवेदनशील तपासणी आज बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत होते. दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त, असे ढोबळ मानले जाते. पण साध्या ताप-खोकल्यानेही हा आकडा वाढतो. १० च्या पुढे गेल्यास अन्य कारण शोधून काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. एकट्या सीआरपीवरून निष्कर्ष काढू नये. वय, रक्तदाब, साखर, एलडीएल, तंबाखू आणि घराण्यातील इतिहास यांच्या जोडीने डॉक्टरांनीच त्याचा अर्थ लावावा.

चिपाड कमी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एलडीएल कमी करणे. ते सुमारे ४० मिलिग्रॅमने उतरले, तर झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण साधारण एक पंचमांशाने घटते. ठिणग्या विझविण्याचे उपाय साधे आहेत, पण सोपे नाहीत : तंबाखू सर्व रूपांत सोडणे, पोटाचा घेर कमी करणे, रोज चालणे, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, हिरड्यांची निगा राखणे. फ्लूची लसही या यादीत येते. फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात झटक्याचा धोका सहापट होतो, असे २०१८ साली आढळले. झटक्यानंतर लगेच फ्लूची लस दिलेल्या रुग्णांत मृत्यू आणि पुन्हा झटका येण्याचे एकत्रित प्रमाण २८ टक्क्यांनी कमी असल्याचे २०२१ च्या चाचणीत दिसले. हृदयरुग्णांनी ही लस दरवर्षी घ्यावी.

आणि छातीत दडपल्यासारखे वाटले, वेदना हातात वा जबड्यात उतरली, दरदरून घाम फुटला, तर ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नये. कागलहून कोल्हापूर सुमारे २० किलोमीटरवर आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि ईसीजी काही मिनिटांत निघतो. धमनीच्या भिंतीतील दाह वीस-तीस वर्षे निमूटपणे धुमसतो. तेवढी वर्षे तो शमविण्यासाठी आपल्या हाती असतात. गुठळी झाल्यावर मात्र हाती उरतात ते काही तास.